डीएपीची गोणी कुठल्या रानाला? माती परीक्षणातला स्फुरदाचा आकडा नेमकं काय सांगतो

लातूर : मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्राच्या दारात एकच प्रश्न ऐकू येतो, "डीएपी आलंय का?" औसा असो, निलंगा असो, चाकूर असो की रेणापूर, प्रश्न तोच. आलं असेल तर रांग लागते. नसेल तर पुढच्या तालुक्यात फोन जातो. कुठे गोणी मिळते, पण सोबत नको असलेली एखादी बाटली किंवा पाकीट गळ्यात मारलं जातं. २०२४ च्या रब्बीत आणि २०२५ च्या खरिपात ही ओढाताण देशभर झाली.

याच काळात अनेक घरांत कपाटात, ट्रंकेत नाहीतर पासबुकाच्या पिशवीत एक कागद घडी घालून पडलेला असतो, जमीन आरोग्य पत्रिका. त्यात 'उपलब्ध स्फुरद' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक आकडा. ज्या डीएपीसाठी आपण उन्हात रांगेत उभे राहतो, ते डीएपी आपल्या रानाला किती लागणार, याचा अंदाज त्या एका ओळीत असतो. तरी रांगेत उभं राहण्याआधी तो कागद उघडून पाहणारे थोडेच.

यात चूक फक्त शेतकऱ्याची नाही. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. आज तेच पाहू.

टंचाई का होते

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. गोणीची किंमत १३५० रुपयांवर धरून ठेवलेली आहे. बाहेरच्या बाजारात भाव चढला तर फरक सरकार अनुदानातून भरतं. १ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने टनामागे ३५०० रुपयांची जादा मदत पुढे चालू ठेवली, ती याचसाठी.

अडचण अशी की देशाला लागणाऱ्या डीएपीपैकी साधारण निम्मं तयार स्वरूपात बाहेरून येतं. जे इथे बनतं, त्याचा कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक ॲसिड, हाही मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो. मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया अशा देशांवर आपली मदार आहे. चीनने निर्यात आवळली तेव्हा त्याचा चटका थेट आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचला. जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदीच्या मादेन कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार केला. त्याने आधार मिळेल, पण परदेशावरची मदार सुटत नाही.

युरियाचं नत्र हवेतून घेऊन कारखान्यात बनवता येतं. स्फुरद तसा बनवता येत नाही, तो खडकातूनच काढावा लागतो. म्हणून मिळालेली गोणी कुठल्या रानात टाकायची, हा प्रश्न आता पैशाएवढाच शहाणपणाचा झाला आहे.

कणगी भरलेली, ताट रिकामं

आपल्या काळ्या रानात स्फुरद नाही, असं नाही. एक हेक्टर रानाच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती धरली तर तिचं वजन साधारण २२ लाख ४० हजार किलो भरतं. त्यात एकूण स्फुरद कित्येकशे किलो असू शकतो, काही जमिनींत हजार किलोच्याही वर. पण पिकाला त्यातला फार थोडा मिळतो. प्रयोगशाळेत 'उपलब्ध' म्हणून जो निघतो, तो हेक्टरी पाच, दहा, वीस, तीस किलो असा असतो.

घरात कणगी भरलेली असावी आणि ताटात अर्धीच भाकरी असावी, तसं हे आहे. धान्य आहे, पण दळून, भाजून ताटात आल्याशिवाय पोट भरत नाही.

याचं कारण चुनखडी. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू साडेसातच्या पुढे असतो. मातीत कॅल्शियम भरपूर. डीएपीतला स्फुरद पाण्यात लगेच विरघळतो खरा, पण मातीत पडल्यावर तो कॅल्शियमला धरतो आणि हळूहळू घट्ट होत जातो. म्हणूनच दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पीक साधारण १५ ते २० टक्केच उचलतं, असं मानलं जातं. उरलेला वाहून जात नाही, हवेत उडत नाही. तो मातीतच बसतो. त्यातला काही भाग पुढच्या पिकांना थोडा थोडा मिळतो.

दुसरी गोष्ट, स्फुरद मातीत फिरत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहतं, मुळापर्यंत चालत येतं. स्फुरद एका हंगामात जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. त्यामुळे मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. मूळ पसरलं तर मिळालं, नाहीतर दोन बोटांवर असूनही उपाशी.

प्रयोगशाळेत काय करतात

माती वाळवतात, कुटतात, चाळतात. त्यातली अडीच ग्रॅम माती घेऊन तिच्यात ५० मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घालतात. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खाण्याचा सोडा. या द्रावणाचा सामू ८.५ ठेवतात, अर्धा तास हलवतात आणि गाळून घेतात. मग त्यात एक रसायन घातलं की निळा रंग येतो. रंग जेवढा गडद, तेवढा स्फुरद जास्त. यंत्र तो निळेपणा मोजतं आणि त्यावरून आकडा निघतो.

याला ओल्सेन पद्धत म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले शास्त्रज्ञ स्टर्लिंग ओल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली ती मांडली. चुनखडीच्या जमिनींसाठी ती चालते, म्हणून आपल्याकडे हीच वापरतात. कोकणातल्या आंबट लाल जमिनीला ब्रे नावाची दुसरी पद्धत लावतात, ती १९४५ ची. तिथला आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सोड्याचं पाणी म्हणजे सोयाबीनचं मूळ नाही. अर्ध्या तासात त्या पाण्यात जेवढा स्फुरद उतरतो, तेवढाच पीक शंभर दिवसांत उचलेल, असं कुणी शास्त्रज्ञही म्हणत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा आकडा जिथे कमी निघतो तिथे पीक सहसा स्फुरदाला उपाशी असतं आणि खत दिल्यावर उत्पादन वाढतं. जिथे जास्त निघतो तिथे खत देऊनही सहसा फारसा फरक पडत नाही.

थर्मामीटर अंगात ताप आहे का ते सांगतं. पेशंट किती दिवसांत उठेल, ते सांगत नाही. स्फुरदाच्या आकड्याचं तसंच आहे. तो साठ्याचं माप नाही. खताला पीक किती साथ देईल, याची शक्यता तो सांगतो.

आकड्यावरून उत्पादनाचा अंदाज कसा बांधतात

नुसता आकडा कामाचा नाही. तो शेतातल्या पिकाशी जोडावा लागतो. त्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा एक अखिल भारतीय प्रकल्प १९६७-६८ पासून चालू आहे. बी. राममूर्ती यांनी त्याची पद्धत घालून दिली. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचं केंद्र आहे.

पद्धत समजायला सोपी आहे. एकाच शेतात तीन पट्टे पाडतात. एकाला खत नाही, दुसऱ्याला बेताचं, तिसऱ्याला भरपूर. आधी त्यावर मक्यासारखं चाऱ्याचं पीक घेऊन जमीन थोडी स्थिरावू देतात. त्यामुळे एकाच शेतात कमी, मध्यम आणि जास्त कसाची माती तयार होते. मग मुख्य पीक घेतात, खताच्या वेगवेगळ्या मात्रा देतात. पेरणीआधी मातीतला स्फुरद मोजतात, काढणीला दाण्यात आणि काडात किती गेला ते मोजतात, उत्पादन तोलतात.

त्यातून तीन गोष्टी निघतात. एक क्विंटल उत्पादनासाठी पिकाला किती स्फुरद लागतो. चाचणीत दिसलेल्या स्फुरदापैकी पीक किती टक्के उचलतं. आणि खतातून दिलेल्यापैकी किती टक्के उचलतं. या तीन आकड्यांवरून सूत्र तयार होतं. इतकं क्विंटल उत्पादन हवं असेल आणि मातीत इतका स्फुरद असेल तर इतकं खत द्या. यालाच 'अपेक्षित उत्पादनावर आधारित खतमात्रा' म्हणतात. आपला आरोग्य पत्रिकेचा आकडा घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलात तर आपल्या पिकाचं आणि जमिनीच्या प्रकाराचं सूत्र विचारता येतं.

पण सूत्र एका जमिनीवर, एका वाणावर, ठरावीक पाऊसमानात तयार झालेलं असतं. तिथून जितकं लांब जाल तितका अंदाज सैल होतो.

अंदाज कुठे चुकतो

सगळ्यात आधी पाऊस. स्फुरद मुळाकडे सरकतो तो मातीतल्या ओलीतून. ओल तुटली की सरकणं मंदावतं. ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. अशा उघडिपीत मातीचा आकडा चांगला असूनही पीक उपाशी राहतं, कारण मुळापर्यंत काही पोचतच नाही. प्रयोगशाळेतली बाटली मात्र नेहमी ओलीच असते.

दुसरं, सेंद्रिय कर्ब. शेणखत, पालापाचोळा, काड यांत अडकलेला स्फुरद जिवाणू सोडवतात आणि पिकाला देतात. सोड्याच्या पाण्यात त्याचा पूर्ण हिशेब येत नाही. शिवाय कर्ब चांगला असेल तर माती भुसभुशीत राहते, मुळं लांब जातात. सारख्याच आकड्याच्या दोन रानांत म्हणूनच फरक दिसतो. दबलेल्या, टणक रानापेक्षा भुसभुशीत रानात तोच आकडा जास्त पिकतो.

तिसरं, दुसरीच काही कमतरता. जस्त कमी असेल, गंधक कमी असेल, पाणी साचत असेल, तर स्फुरद कितीही टाका, उत्पादन तिथेच अडतं. उलट स्फुरदाचा मारा जास्त झाला तर जस्ताची कमतरता वाढते, हेही लक्षात ठेवा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना. आकडा मातीचा नसतो, नमुन्याचा असतो. नमुना चुकला तर पुढचं सगळं बरोबर असूनही उत्तर चूक.

पत्रिका तुमची, माती कुणाची?

जमीन आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टी तपासून दिल्या जातात. नमुना घेण्याचा नियम असा होता, की बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्याकडे पंचवीस एकरांत आठ-दहा खातेदार सहज असतात. कुणाचं रान भारी, कुणाचं मुरमाड, कुणी दरवर्षी शेणखत घालतो, कुणी दहा वर्षांत एक गाडी टाकलेली नाही. पण पत्रिकेवर आकडा सगळ्यांचा एकच.

म्हणजे पत्रिका खोटी नाही, पण ती शिवाराची आहे. गावाचा एकूण कल पाहायला ती उपयोगी. तुमच्या दोन एकरांचा निर्णय घ्यायचा तर तुमच्या दोन एकरांचाच नमुना हवा.

तो असा घ्या :

- रब्बीचं पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी. एप्रिल-मे हा चांगला काळ.
- रानाचा रंग, उतार, पोत बदलत असेल तर प्रत्येक तुकड्याचा वेगळा नमुना.
- नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा सहा इंच खोल खड्डा घ्या. त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती घ्या.
- बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, जनावरं बसतात ती जागा, विहिरीजवळची जागा टाळा.
- गेल्या हंगामात खत ज्या ओळीत पेरलं, तिथे स्फुरद तसाच बसलेला असतो. सगळे खड्डे त्याच ओळींत पडले तर आकडा फुगतो. वखरणी झाल्यावर नमुना घेतलेला बरा.
- सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा.
- खताच्या रिकाम्या गोणीत माती कधीच भरू नका. गोणीला चिकटलेले चार कण अख्खा आकडा बिघडवतात.

एका अक्षराचा घोळ

आकडा हातात आल्यावर आणखी एक ठिकाण आहे जिथे भलेभले फसतात. मातीचा अहवाल बहुधा शुद्ध स्फुरदात, म्हणजे 'पी' मध्ये असतो. खताची शिफारस आणि गोणीवरचा आकडा मात्र 'पी टू ओ फाइव्ह' मध्ये असतो. दोन्हींना आपण मराठीत स्फुरदच म्हणतो. एक किलो 'पी' म्हणजे सुमारे २.२९ किलो 'पी टू ओ फाइव्ह'.

समजा अहवालात ३० लिहिलं आहे. ते 'पी' असेल तर रान स्फुरदात जास्त आहे. ते 'पी टू ओ फाइव्ह' असेल तर खरा 'पी' फक्त १३, म्हणजे मध्यम. एकाच आकड्याचे दोन अर्थ. म्हणून प्रयोगशाळेत विचाराच, "साहेब, हे कशात आहे?" अहवाल 'पीपीएम' मध्ये असेल तर त्याला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो निघतात.

ढोबळ माप असं. हेक्टरी 'पी' १० किलोच्या खाली असेल तर कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त. आपल्या राज्यात अनेक अहवालांत याच्या सहा पायऱ्या करतात, 'अत्यंत कमी' पासून 'अत्यंत जास्त' पर्यंत. अहवालात पायरीचं नाव लिहिलेलं असेल तर तेच धरा. सर्वसाधारण नियम : कमी असेल तर शिफारशीपेक्षा २५ टक्के वाढ, मध्यम असेल तर शिफारशीइतकं, जास्त असेल तर २५ टक्के कपात.

दोन गोण्या, तीन तुकडे

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा तुमच्याकडे एकेक एकराचे तीन तुकडे आहेत आणि तिन्हींत सोयाबीन घ्यायचं आहे. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद धरलं तर एकरी २४ किलो होतो. म्हणजे जवळपास एक गोणी डीएपी. तीन एकरांना तीन गोण्या हव्यात, मिळाल्या दोनच. बहुतेक जण काय करतात? दोन गोण्या तिन्ही तुकड्यांत सारख्या वाटतात. वाटणी सारखी झाली, पण रानं सारखी नाहीत.

समजा माती परीक्षणात माळाकडच्या तुकड्याचा 'पी' ७ निघाला, मधल्याचा १६ आणि पांढरीजवळच्या तुकड्याचा ३८. गावाजवळच्या रानात पिढ्यान् पिढ्या शेणखत पडलेलं असतं, म्हणून असा फरक खूप ठिकाणी दिसतो.

माळाच्या तुकड्याला २५ टक्के वाढवून एकरी ३० किलो स्फुरद. एक गोणी डीएपी आणि एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट, झाले ३१.

मधल्या तुकड्याला शिफारशीइतकं. एक गोणी डीएपी, म्हणजे २३.

पांढरीजवळच्या तुकड्याला २५ टक्के कपात, म्हणजे १८ किलो. सव्वादोन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट, आणि नत्रासाठी अर्धी गोणी युरिया. इथे डीएपीची गरजच नाही.

दोन गोण्या डीएपीत तिन्ही तुकडे बसले. तिसऱ्या गोणीसाठी धावाधाव नाही, सोबतची बाटली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खत तिथे गेलं जिथे ते पैसे परत देण्याची शक्यता जास्त.

सिंगल सुपर फॉस्फेटला आपल्याकडे अजून दुय्यम मानतात. त्यात स्फुरद १६ टक्के, म्हणजे गोणीत ८ किलो. तीन गोण्या म्हणजे २४ किलो, एका डीएपीपेक्षा किंचित जास्तच. वर ११ टक्के गंधक, ते तीन गोण्यांत साडेसोळा किलो होतं. सोयाबीन, करडई, भुईमूग ही तेलबियांची पिकं, त्यांना गंधक हवंच असतं. डीएपीत ते नसतं. वाहतूक जास्त लागते, गोण्या जास्त उचलाव्या लागतात, हे खरं. पण रांगेत दोन दिवस घालवण्यापेक्षा ते परवडतं का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मिश्र खतांचंही सोपं आहे. ५० किलोच्या गोणीवरच्या तीन आकड्यांतला मधला आकडा निम्मा करा, तेवढे किलो स्फुरद. १०:२६:२६ मध्ये १३ किलो, १२:३२:१६ मध्ये १६ किलो, २०:२०:०:१३ मध्ये १० किलो.

दरवर्षी घालतोय, मग जातो कुठे?

आणखी एक हिशेब मांडून पाहा. सोयाबीनचा एक क्विंटल दाणा रानातून साधारण सव्वा ते दीड किलो स्फुरद घेऊन जातो. एकरी आठ क्विंटल झालं तर दहा ते बारा किलो गेला. आपण घातला २३ किलो. भुसकट रानातच राहिलं तर जवळपास निम्मा स्फुरद दरसाल मातीत साठत जातो. कणगी भरत राहते.

याचा अर्थ डीएपी बंद करा, असा नाही. ज्या रानाचा आकडा कमी आहे तिथे कपात केली तर पीक मार खाईल. पण ज्या रानात दहा-पंधरा वर्षं दर हंगामाला गोणी पडते आहे, ऊस, भाजीपाला, द्राक्षं झाली आहेत, तिथे एकदा मोजून पाहायला हवं. कदाचित त्या रानाला गोणीपेक्षा कणगी उघडण्याची गरज असेल. शेणखत, पिकाचं काड रानात कुजवणं, बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया हे त्याचे मार्ग. यातल्या कुठल्याही एकाने चमत्कार होत नाही, आणि जिवाणूंची बाटली म्हणजे डीएपीची गोणी नव्हे. पण वर्षामागून वर्षं केलं तर फरक दिसतो.

आणि खत कुठे पडतं यालाही महत्त्व आहे. फेकून दिलेला स्फुरद सगळ्या मातीला शिवतो आणि लवकर बांधला जातो. दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा बीबीएफ यंत्राने बियाण्याच्या खाली आणि बाजूला दोन बोटं अंतरावर पेरला तर कोवळ्या मुळाला लगेच सापडतो. उभ्या पिकात वरून डीएपी टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्यातलं नत्र मिळेल, स्फुरद बहुतांश वरच बसेल.

विश्वास नसेल तर चार ओळी सोडा

प्रयोगशाळेवर विश्वास बसत नाही, असं अनेक जण म्हणतात. हरकत नाही. स्वतःच्या रानात पाहा. ज्या तुकड्याचा आकडा जास्त आला आहे, तिथे मधोमध चार ओळी स्फुरदाशिवाय पेरा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. डीएपीत नत्रही असतं, म्हणून या ओळींना तेवढ्या नत्राचा युरिया द्या, नाहीतर तुलना फसेल. बाकी फवारणी, खुरपणी सगळी सारखी. काढणीला या चार ओळी वेगळ्या मळा आणि शेजारच्या चार ओळींशी तोलून पाहा.

वजन सारखं भरलं तर आकडा खरा बोलला. कमी भरलं तर तुमच्या रानाला तो आकडा पुरत नाही, हे कळलं. दोन हंगाम असं केलं, एक पावसाचा आणि एक उघडिपीचा, तर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त खरं उत्तर तुमच्या हातात असेल. शास्त्रज्ञही मोठ्या प्रमाणावर हेच करतात.

गावाने विचारायचा प्रश्न

शेवटची गोष्ट यंत्रणेची. हंगामाआधी खताचं नियोजन होतं तेव्हा मागच्या हंगामांचा खप हा मोठा आधार असतो. जिथे जास्त खपलं तिथे जास्त मागणी, असा हिशेब. मातीत किती आहे, हे त्यात क्वचितच डोकावतं. लाखो नमुने तपासले गेले, पत्रिका वाटल्या गेल्या, पण दुकानातल्या गोणीचा आणि त्या पत्रिकेचा संबंध जुळला नाही.

काही गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जमीन सुपीकता निर्देशांकाचे फलक लागले आहेत. गावातले किती टक्के नमुने कमी, किती मध्यम, किती जास्त, यावरून हा निर्देशांक काढतात. १.६७ च्या खाली आला तर गाव त्या अन्नद्रव्यात कमी, २.३३ च्या वर गेला तर जास्त. तुमच्या गावात असा फलक आहे का? असेल तर त्यावर स्फुरदाचा निर्देशांक किती आहे? तो कोणत्या वर्षीच्या नमुन्यांवरून काढला? खरिपाआधीच्या ग्रामसभेत कृषी सहायकाला हे तीन प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही.

रांग तर यंदाही लागेल. पण रांगेत उभं राहताना आपल्याला एक गोणी हवी की दोन, आणि ती माळाकडे जाणार की पांढरीकडे, हे ठाऊक असलेला माणूस वेगळा. घरी गेल्यावर आधी ती पत्रिका शोधा. तारीख पाहा. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल, किंवा शेजाऱ्याच्या पत्रिकेवर तोच आकडा असेल, तर पेरणीआधी हाताशी चार दिवस आहेत तोवर कुदळ आणि घमेलं घेऊन रानात जा.